दुसरी बासरी

हार्मोनियमच्या पेट्या गावोगाव नुकत्या पोचल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. देवळातली जुनी बासरी पेटीशी जुळेना. आरतीत लोक वळून तिच्याकडे बघत. शेवटी पुजाऱ्यांनी तिला सुभानकाका बासरीवाल्यांकडे भोकं वाढवायला धाडलं.

काकांनी सळई निखाऱ्यात खुपसली तसा बासरीचा जीव टांगणीला लागला. वाढवलेलं भोक काही पुन्हा लहान होत नाही.

काकांनी तिला आधी वाजवून पाहिलं. मग दोऱ्याने तिची मापं घेतली आणि लाल सळई शेजारच्या कोऱ्या बांबूत घातली.

बासरीने भीत भीत विचारलं, "काका, बेसूर मीच ना?"

"छे गं," काका म्हणाले, "एकटी पडली होतीस."

संध्याकाळी आरतीला दोन बासऱ्या वाजल्या. या वेळी लोकांनी वळून पाहिलं ते पेटीकडे.