वैद्यिणीच्या परसातलं अनोळखी झाड

डोंगररांगांपासून कितीतरी लांब, उघड्या माळावर वसलेल्या एका गावात फार पूर्वी एक वैद्यीण राहत असे. तिच्या शब्दाला मोठा मान. तिनं ‘हे खा’ म्हटलं की लोक खात, ‘हे नको’ म्हटलं की हात मागे घेत. कुठलाही पाला पुढे धरला की ती चुरगाळून वास घेई आणि लगेच नाव सांगे. ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

तिच्या परसाच्या टोकाला रान माजलेला एक तुकडा होता. तिथं कधीतरी एक रोप उगवलं आणि कुणाचं लक्ष नसताना त्याचं झाड झालं. औषधांसाठी माळ पालथा घालणाऱ्या वैद्यिणीला घरामागच्या झाडाजवळ जायला मात्र सवड झाली नव्हती.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. बोरी वाळल्या, भाजीचे वाफे करपले. ते झाड तेवढं हिरवंगार राहिलं आणि त्याच वर्षी पहिल्यांदा फळलं. वाटोळी, गुळगुळीत, शेंदरी फळं! भुकेल्या माणसांनी लांबून पाहिलं आणि सगळा गाव परसात गोळा झाला.

सर्वांत पुढे शेजारची कुंभारीण होती, धाकट्या लेकीला कडेवर घेऊन. तिनं सांगितलं की वानरं ही फळं खाताना तिनं स्वतः पाहिली आहेत. मग माणसांनी खायला काय हरकत?

वैद्यिणीनं पान खुडलं. तुकतुकीत पान, देठापासूनच फुटलेल्या शिरा. चुरगाळलं, हुंगलं. नाव येईना. लोक वाट पाहत होते. ‘रानसंत्रं’ असा एक शब्द तिच्या जिभेवर येऊन थांबला. तो उच्चारला असता तर सगळे खूश होणार होते आणि तिचा मानही राहणार होता. कडेवरच्या पोरीनं फळाकडे हात पसरला. वैद्यिणीला त्या इवल्या बोटांची एकाएकी भीती वाटली.

“मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “हे झाड मी ओळखत नाही. ओळखेपर्यंत एकाही फळाला हात लावू नका.”

“तुमच्याच परसातलं झाड,” कुंभारीण म्हणाली, “आणि तुम्हालाच ठाऊक नाही?”

लोक कुरकुरत पांगले. म्हातारी झाली, कुणी म्हणालं. फळं एकटीला हवीत, दुसऱ्यानं म्हटलं. वैद्यिणीनं बुंध्याभोवती काटे रचले आणि स्वतः राखणीला बसली. मान खाली गेली होती, पण डोळे झाडावर होते.

सकाळी वानरं आली. ती फळ फोडत, आतला गर चाटत आणि बिया मात्र थुंकून टाकत. वैद्यिणीनं एक बी उचलली, धुतली आणि दगडावर उन्हात ठेवली. ओली असताना ती चिखलाच्या टिकलीसारखी दिसत होती. ऊन चढलं तसा तिचा रंग पालटू लागला. चपट्या, गोल बीवर राखाडी लव उभी राहिली आणि रेशमासारखी चमकली.

वैद्यीण उठून उभी राहिली. ही बी तिच्या ओळखीची होती. घाटाखालून येणारे व्यापारी ती सुकलेली आणत. दुधात उकळून, सोलून, तुपात भाजून ती शुद्ध करायची, आणि मग तिचा कणभर अंश आखडलेल्या हातापायांना पुन्हा चालतं करी. तीच बी कच्ची पोटात गेली तर धडधाकट माणूस आचके देऊन मरे. कुचला! आयुष्यभर तिनं बी हाताळली होती. झाड कधी पाहिलंच नव्हतं. कोण जाणे कुणाच्या तोंडातून, किती डोंगर ओलांडून ते तिच्या दारी आलं होतं, आणि मारायचं नि तारायचं बळ त्या पानांआड निमूट वाढत राहिलं होतं. तिचे हात आपोआप जोडले गेले.

तिनं गावाला बोलावून सगळं सांगितलं. कुंभारणीनं लेकीला छातीशी इतकं घट्ट धरलं की पोर रडू लागली.

“तुम्ही काल काहीही नाव सांगितलं असतंत,” ती हळूच म्हणाली, “तरी मी विश्वास ठेवला असता.”

“म्हणूनच सांगवलं नाही, पोरी,” वैद्यीण म्हणाली.

मग गावकऱ्यांनीच काट्यांचं कुंपण आणखी उंच केलं. काम संपलं तरी कुणाचा पाय निघेना. सगळे मान वर करून त्या शेंदरी फळांकडे पाहत राहिले.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच : जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असं सांगायची ज्याची हिंमत आहे, त्याच्याच ज्ञानावर दुसऱ्यांनी जीव सोपवावा.