शिंगाळ्याच्या तोंडातलं लेकरू

एका राज्यात हंबीर नावाचा राजा होता. राज्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीच्या काठी तिवरांचं रान, आणि तिवरांच्या मुळांत गढूळ, मचूळ पाणी. राणी देवाघरी गेलेली. मागे पाच वर्षांची मालन. राजा तिला आपल्याच ताटात जेवू घाली.

एके सकाळी राजा खाडीवर गेला. पोशा कोळी जाळं ओढत होता. जाळ्यात हातभर शिंगाळा आला. मिशा लोंबत्या, पाठीवर विषारी काटा, गाल फुगलेले. पोशाने त्याला जपून उचललं आणि पाण्याकडे नेलं.

"थांब," राजा म्हणाला. "एवढा मासा सोडतोस?"

"तोंड भरलंय त्याचं, महाराज. मादी अंडी घालून जाते. बाप ती तोंडात घेऊन हिंडतो. पिल्लं सुटेपर्यंत घास घेत नाही. असला शिंगाळा आम्ही ठेवत नाही."

राजा खदखदून हसला. "बापाचं बाळंतपण! मग डिंकाचे लाडूही पोचवतोस की काय?"

"थट्टा नको, महाराज. ऐकतोय तो."

राजाने माशाचं तोंड फाकवलं. बोराएवढी सतरा पिवळी अंडी वाळूवर पडली. शिंगाळा कण्हला, माणूस कण्हतो तसा, आणि मेला. राजाने अंडी तळून खाल्ली. चव लागली. त्याने हुकूम काढला की तोंड भरलेला प्रत्येक शिंगाळा मुदपाकखान्यात यावा; सोडील त्याचं डोकं जाईल.

दुसऱ्या दिवशी मालन आकसून हातभर झाली. तिसऱ्या दिवशी बोटभर.

"आबा," ती उशीवरून म्हणाली, "तुम्ही एवढे मोठे का होताय?"

चौथ्या दिवशी उशीवर एक पिवळं अंडं होतं. आत दोन काळे डोळे, राजाकडे बघणारे.

वैद्य आले, मांत्रिक आले, मान खाली घालून गेले. मग खिडकीत खाडीवरची एक ढोकरी बगळी येऊन बसली आणि म्हणाली, "राजा, पोर सुकतेय. तिला घेऊन खाडीवर ये. पाण्यातली देवता, आसरा, बोलावतेय."

राजा अंडं ओंजळीत घेऊन धावला. पौर्णिमेचं उधाण होतं. तिवरांत आसरा उभी होती, ओलं हिरवं लुगडं नेसून. चिखलात तिची पावलं उठत नव्हती.

"तू खाल्लीस ती सतरा परत यायची नाहीत," ती म्हणाली. "ही एक तुझी. तोंडात घे, म्हणजे शिंगाळा होशील. पुढच्या पुनवेपर्यंत खायचं नाही. बोलायचं नाही. आणि एकदा बाहेर पडली की परत आत घ्यायची नाही."

"बोललो तर?"

"तू पुन्हा माणूस होशील. ती मरेल."

राजाने अंडं जिभेवर ठेवलं. त्याच्या ओठांवर मिशा फुटल्या, पाठीतून काटा आला, आणि तो शिंगाळा होऊन गढूळ पाण्यात उतरला.

पहिले आठ दिवस भुकेचे. तिवरांच्या मुळांशी कोळंबीचे थवे येत, नाकाला लागत. राजाचा जबडा आपोआप हलू लागे. त्याला मगरीचं भय वाटलं नाही एवढं स्वतःच्या तोंडाचं वाटलं. झोप लागली आणि चावलो तर? गिळलं तर? तो झोपलाच नाही. अंडं हळूहळू फिरवत राहिला, त्यावरून पाणी खेळवत राहिला. जिभेवर काहीतरी बारीक धडधडे. तेवढं लागलं की तो पुढचा श्वास घेई.

अमावस्येच्या उधाणाला अंडं फुटलं. बोटाच्या पेराएवढं पिल्लू, पोटाला पिवळा बलक लटकलेला. ते गालात अंग चोरून बसलं. त्याच दिवशी चिंबोरीने नांगीत धरून राजाची एक मिशी तोडली. किंकाळी गळ्याशी आली. त्याने ती गिळली, आणि लेकरू जागेवर आहे ना, हे लगेच जिभेने चाचपलं.

पौर्णिमेला चार दिवस उरले आणि जाळं पडलं.

जाळं पोशाचं होतं. होडीत राजाचा शिपाई बसला होता. "गाल बघ त्याचे!" शिपाई ओरडला. "भरलेला आहे. उघड तोंड!" त्याने सुरीचं टोक माशाच्या ओठांत घातलं. ओठ फाटला, रक्त आलं. एकच शब्द पुरे होता. 'मी हंबीर आहे' म्हटलं असतं तर शिपाई पायाशी लोळला असता. आत मालन इकडून तिकडे धडका देत होती. राजाने दात आवळले. तो नुसता कण्हला.

पोशाचा हात थबकला. "बाप आहे तो," पोशा म्हणाला. त्याने शिपायाला ढकललं, मासा उचलला आणि पाण्यात टाकला.

वरून शिपायाचा आवाज आला, "पुनवेला तुझं डोकं जाईल, पोशा!"

राजाने ते पाण्याखालून ऐकलं, आणि तरी तोंड मिटून ठेवलं.

पुनवेच्या सकाळी उधाण चढलं. बलक संपला होता. राजाने तोंड उघडलं. पिल्लू बाहेर गेलं, वीतभर पोहलं, आणि तेवढ्यात पाण्यावरून घारीची सावली सरकली. पिल्लू घाबरून मागे वळलं. राजाच्या मिटल्या ओठांवर त्याचं इवलं डोकं आपटू लागलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

सगळ्या महिन्यात एवढं कठीण काही नव्हतं. राजाने ओठ आवळले आणि आपलं अंग सावलीच्या आड धरलं. पिल्लू थोडा वेळ थांबलं. मग वळलं, आणि एकटं तिवरांकडे पोहत गेलं.

ते मुळांशी टेकलं तिथे पाच वर्षांची मालन चिखलात बसली होती, ओलीचिंब. तिच्याशेजारी फाटक्या ओठाचा राजा.

"आबा, मी दार ठोकत होते. उघडलं का नाही?"

"उघडलं असतं तर पुन्हा सोडवलं नसतं, बाळे."

त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि तो वधाच्या माळाकडे धावत सुटला. तिथे पोशावर तलवार उचलली होती. "थांबा!" हा त्याचा महिन्यातला पहिला शब्द.

पोशाने मान वर केली. फाटका ओठ बघितला. जाळ्यातल्या शिंगाळ्याचाच तो, हे त्याने ओळखलं.

"महाराज," तो म्हणाला, "आता तरी लाडू पोचवू का?"

राजा रडत हसला. हुकूम त्याच माळावर जाळला गेला. ओहोटीबरोबर त्या राज्यावरचं भय उतरलं. ऐकणाऱ्याच्या उंबऱ्यावरचंही तसंच उतरो.