होल्याच्या गाण्यातली मोकळी जागा

त्या दिवशी सकाळी धुकं असं दाट उतरलं होतं, की ओढ्याच्या या काठावरून त्या काठावरचं झाड धड दिसत नव्हतं. बाभळीच्या काट्याकाट्याला पाण्याचा थेंब लोंबत होता. अशा त्या सकाळी, बाळांनो, एका होल्याने आपल्या गाण्यात एक बदल केला. होला म्हणजे कबुतराहून लहान, मातकट रंगाचं गरीब पाखरू. बदलही तसा छोटाच. पण तो का केला आणि पुढे काय झालं, ते सावकाश ऐका.

हा होला त्या बाभळीवर एकटाच राहत असे. पूर्वी तो एकटा नव्हता. होल्यांच्या घरची रीत अशी, की नराने काड्या वेचून आणायच्या आणि मादीने बसून घरटं रचायचं. काडी आणली, की तो खालच्या फांदीवरून गायचा, 'काडी आणली गं, कुणी रचली?' आणि वरून ती म्हणायची, 'मी रचली.' मागच्या उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. धुरात दोघं दोन दिशांना उडाली, ती पुन्हा भेटलीच नाहीत. तेव्हापासून होला रोज सकाळी तेच गाणं म्हणायचा. 'कुणी रचली?' असं विचारून तिच्या उत्तराला लागेल तेवढा वेळ गप्प राहायचा, मान वाकडी करून ऐकायचा, आणि मग पुढची ओळ घ्यायचा. ती जवळपास कुठे असली तर त्या जागेवर बोलेल, एवढीच त्याची आशा.

आता त्या रानातही एक रीत होती. सकाळी सगळे ओढ्यावर पाणी प्यायला जमत. कुणी गायला लागलं, की ज्याला आवडेल त्याने गाणाऱ्याच्या काठावर येऊन बसायचं, न आवडेल त्याने पलीकडे जायचं. भांडण नाही, तंटा नाही. होल्याचं गाणं सुरू झालं, की निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे व्हायचे. सशाला त्या गप्प जागेत आपली आई आठवायची. मोर म्हणायचा, याला ना ठेका ना तान, हे गाणंच नव्हे. सांबराचा राग गाण्यावर नव्हता, गाणाऱ्यावर होता. कुणाच्या मेळ्यात नाही, कुणाचा शिष्य नाही, मग याला गायला सांगितलं कुणी? आणि कावळा पलीकडून विचारायचा, "बुवा, पुढचं विसरलात वाटतं? आम्ही थांबू, की जेवून येऊ?" तो काठ हसायचा.

होल्याने पुष्कळ दिवस हे मनावर घेतलं नाही. पण एकट्या जिवाला चार जण जवळ बसावेत असं वाटतंच. ते साळुंकीने हेरलं. साऱ्या रानाची गाणी तिला तोंडपाठ. ती म्हणाली, गाणं चांगलं आहे, मधलं भोक तेवढं बुजव. तू विचार, उत्तर आम्ही सगळे मिळून देऊ. होल्याने दोन दिवस विचार केला आणि मान हलवली.

तर त्या धुक्याच्या सकाळी त्याने सूर लावला, 'काडी आणली गं, कुणी रचली?' आणि अख्खा काठ एका आवाजात म्हणाला, 'आम्ही रचली!' त्याने विचारलं, 'पीस आणलं गं, कुणी अंथरलं?' काठ म्हणाला, 'आम्ही अंथरलं!' मोराने पिसारा फुलवला. सांबर पाणी तुडवत अलीकडे आलं. कावळासुद्धा आला आणि म्हणाला, "आता जमलं, बुवा." पलीकडचा काठ रिकामा झाला. अगदी रिकामा नव्हे, तिथल्या हिवराच्या झाडाच्या शेंड्यावर एक पाखरू धुक्यात अंधूक दिसत होतं. होल्याला वाटलं, असेल कुणी न आवडणारं. एवढ्यांत एकाला नाही आवडलं, तर चालायचंच. त्याने तिकडे पाठ केली आणि आणखी दोन कडवी म्हटली.

धुकं विरलं, सगळे पांगले, तेव्हा त्याची शेजारीण घरी आली. ती म्हणजे बाभळीच्या ढोलीतली खार. पहाटेपासून ती पलीकडे हिवराशेजारच्या बोरीखाली पडलेली बोरं वेचत होती. तिने सांगितलं, की हिवरावर एक होल्याची मादी येऊन बसली होती. 'कुणी रचली?' ऐकलं आणि तिने चोच उघडली. तेवढ्यात इकडून सगळ्यांचा आवाज आला. तिने चोच मिटली. पुढच्या ओळीला पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"मला वाटलं तू तिला पाहिलंस, दादा," खार म्हणाली. "तू तिच्याकडेच बघत होतास. मग तू पाठ केलीस, तशी ती उडाली."

"कुठल्या बाजूला गेली, खारूताई?"

"धुक्यात गेली रे. बाजू कुठली सांगू?"

होला दिवसभर हिंडला. डोंगर पाहिला, खालची शेतं पाहिली, आणि दिवेलागणीला एकटाच परत आला.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सगळे हौसेने अलीकडेच येऊन बसले होते. त्याने विचारलं, 'काडी आणली गं, कुणी रचली?' काठ तोंड उघडणार, तोच होल्याने पंख वर केला. तो म्हणाला, "इथे कुणी बोलू नका. ही जागा दुसऱ्या कुणाची आहे." साळुंकी रुसली. मोर, सांबर पलीकडे गेले. कावळा जाता जाता म्हणाला, "बुवा पुन्हा विसरले." ससा तेवढा बसून राहिला. त्या मोकळ्या जागेत नुसता ओढा वाहताना ऐकू आला. उत्तर आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

तात्पर्य : जे गाणं एका जिवाला हाक म्हणून जन्मलं, ते चारचौघांना आवडावं म्हणून त्या जिवाची जागा भरून टाकू नये. हे काही माझ्या पदरचं नाही. तिसऱ्या दिवशी होला गाऊन गप्प बसला होता, तेव्हा खार त्याच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, ती या गाण्याच्या मागावर हिवरापर्यंत आली होती, म्हणजे वाट तिला ठाऊक आहे. तू जागा तेवढी राखून ठेव."