वसारगडचा विडा

राज्य तलवारीने मिळते, पण टिकते ते सल्लागारांच्या जागरूकतेवर. भानजीराजांच्या दरबारात असे सात जागरूक सल्लागार होते, आणि दुपारच्या जेवणानंतर त्यांतले सहा डुलक्या घेत. सातवे नागोपंत. विडा तोंडात पडल्याशिवाय त्यांचा डोळाच लागत नसे.

त्या काळी माधवगीर महाराजांचा मुक्काम दोन कोसांवरच्या सावरखेडे गावी, नदीकाठच्या खोपटात होता. दर सोमवारी नागोपंत तिथे पायी जात.

"राजाला सल्ला देणारा गोसाव्याकडे सल्ला मागतो. मग पगार त्या गोसाव्यालाच का देऊ नये?" प्रधान हरबाजीपंत भर दरबारात विचारीत. दरबार हसे, आणि नागोपंतही कसनुसे हसत.

अशात वसारगडचा किल्लेदार सिदोजी याने गडाचे दरवाजे लावून घेतले. राजांनी तबकात विडा ठेवविला. रिवाज असा, की विडा उचलील त्याने कामगिरी पार पाडावी, नाहीतर राज्य सोडावे. तीन दिवसांत सिदोजीला समजावून खाली आणायचे. न जमल्यास चौथ्या दिवशी गडावर तोफा. वर बायकापोरांसकट चारशे माणसे होती.

तबक फिरले. ज्याच्यापुढे येई, तो गालिच्याची नक्षी पाहू लागे. नागोपंतांच्या मनात त्या पोरांचे विचार घोळत होते. समोर तबक आले, हात सवयीने पुढे गेला. दरबार एवढा गप्प का, हे त्यांना तिसऱ्यांदा चावल्यावर कळले.

"चुना बेताचा आहे ना, पंत?" प्रधानांनी विचारले.

नागोपंत तडक सावरखेड्याला गेले. "महाराज, घोटाळा झाला."

"विडा गिळलात?"

"गिळला."

"मग निघा. बोला कमी, ऐका जास्त. आम्ही आहोत."

दुसऱ्या दिवशी पंत एकटेच गड चढले. बुरुजावरच्या गोलंदाजाने तोफेला बत्ती दिली. तोफ उडेना. पुन्हा दिली, तिसऱ्यांदा दिली, तोफ थंडच.

"पंत," वरून सिदोजी ओरडला, "हे म्हातारे गोसावी कोण आणलेत? बत्ती लावू तिथे तळहात ठेवताहेत."

पंतांनी वर पाहिले. त्यांना कोणीच दिसले नाही. डोळे मात्र भरून आले.

दरवाजा उघडला. सिदोजी दिवसभर बोलला, पंतांनी ऐकले. टाक्यांचे पाणी नासले होते, पोरे आजारी पडत होती. तीन पत्रे धाडली, एकाचेही उत्तर नाही. राजांनी आपल्याला टाकले, असेच गडाने गृहीत धरले होते. तिसऱ्या दिवशी सिदोजी पंतांबरोबर खाली उतरला. राजांनी त्याला पोटाशी धरले आणि विचारले, "पत्रे कुठे गेली?"

ती प्रधानांच्या बैठकीखाली निघाली. क्षुल्लक मजकुराने राजांना त्रास कशाला, म्हणून त्यांनी फोडलीही नव्हती.

तरी प्रधान नागोपंतांना म्हणाले, "पत्रांचे चुकले. पण गोसावी वगैरे काही नाही. दारू दमट असेल. चला, विचारूच."

सावरखेड्याच्या पाटलाने शपथेवर सांगितले, की महाराज चार दिवस गावाबाहेर गेलेले नाहीत. दोघे खोपटात शिरले. महाराज चुलीपाशी बसले होते. उजवा तळहात भाजून काळा पडला होता, आणि तीन जागी फोड आले होते.

प्रधानांनी ते फोड मोजले. मग पगडी काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, माझ्यामुळे चारशे जीव जात होते. काय प्रायश्चित्त घेऊ?"

महाराजांनी त्यांना डाव्या हाताने उठवले.

"प्रायश्चित्ताचे बघू सावकाश. पीठ मळून ठेवले आहे, पण या हाताने थापवत नाही. तेवढ्या दोन भाकऱ्या थापता का?"