पुसलेले हात

"पण बाई, पाटीवर तिचंच नाव का?"

हेरंबने हे तिसऱ्यांदा विचारलं. इंदिराबाई हीटरपुढे दुपटी उबवत बसल्या होत्या. मिरजेत तीस वर्षं त्यांनी तान्ह्या बाळांचेच फोटो काढले. आता नजर साथ देईना, म्हणून स्टुडिओ त्या सगुणाच्या हाती देणार होत्या.

"आठ वर्षं झाली मला तुमच्याकडे," हेरंब म्हणाला. "ती आत्ता दोन वर्षांपूर्वी आली. प्रसूतिगृहात मावशी म्हणून काम करायची. कॅमेरा कुठून धरतात ते मी शिकवलं तिला."

"चांगलं शिकवलंस."

हेरंबला हे केव्हापासून सलत होतं. फोन करणारे आधी विचारत, "त्या ताई असतील ना?" सगुणाने उचललं की रडकं बाळही गप्प व्हायचं. एकदा तरी ते तिच्या हातात किंचाळावं, असं हेरंबला मनापासून वाटे. बाळांना त्याच्या मनातलं कळत नसे. ती खुशाल झोपत.

"भिंतीवरचे सगळे फोटो माझे आहेत. तिचा एक दाखवा."

"तुझा सगळ्यात चांगला कुठला?"

त्याने बोट दाखवलं. अकरा दिवसांचं बाळ, पालथं, दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवून झोपलेलं. त्या फोटोला बक्षीस मिळालं होतं.

"याचा मूळ फोटो उघड."

"मूळ कशाला...?"

बाईंनी पुढचं दुपटं हीटरपुढे धरलं. हेरंबने कॉम्प्युटर लावला.

मूळ फोटो दोन होते. एकात कुणाच्या तरी हातांनी बाळाचं डोकं धरलेलं, दुसऱ्यात त्याच हातांनी मनगटं. एवढ्याशा बाळाला मान सावरत नाही, धरावंच लागतं. मग दोन्ही फोटो जोडायचे आणि हात पुसून टाकायचे. हेरंब ते फार सफाईने करायचा.

हाताच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. तो सगुणाचा.

"पुढचा."

पुढच्यातही डाग होता.

"पुढचा."

बरंच मागे, सगुणा येण्याआधीच्या फोटोंपर्यंत गेल्यावर डाग दिसेनासा झाला आणि सुरकुतलेले हात आले. ते बाईंचे होते.

"हात पुसायचेच असतात, बाई," हेरंब म्हणाला. "सगळे पुसतात."

"हो."

...

तेवढ्यात नऊ दिवसांचं एक बाळ आजीच्या कुशीतून आलं. बाईंनी हेरंबच्या गळ्यातला कॅमेरा काढला आणि सगुणाला आतून हाक मारून तिच्या गळ्यात घातला.

"आज डोकं तू धर," त्या हेरंबला म्हणाल्या.

तो बसला. पाच मिनिटांत खांदे भरून आले. नाक खाजत होतं, पण खाजवणार कशाने? बाळ जागं झालं, ओठ काढले. हेरंब घाबरला आणि काहीबाही गुणगुणू लागला. बाळाने ते ऐकलं, मग त्याच्या तळव्यात डोकं सोडून झोपी गेलं. तो श्वाससुद्धा बेताने घेत होता.

सगुणाने कॅमेरा दोनदा वर-खाली केला आणि बटण दाबलं. "आला बहुतेक," ती म्हणाली आणि बाळाला आजीकडे द्यायला बाहेर गेली.

फोटो किंचित तिरका होता, पण चांगला होता. हेरंबला त्याचंही वाईट वाटलं. मग तो नेहमीसारखा पुसायला बसला. माऊस बाळाच्या कानामागे नेला. तिथे त्याची स्वतःचीच बोटं होती.

त्याने माऊस बाजूला सारला.

"बाई... यातला हात राहू दे का?"

बाई दुपट्याची घडी घालत होत्या.

"मला काय विचारतोस? फोटो तिचा आहे."