विमानाचा मुहूर्त

ज्यांना तालुक्यात कुणी नाही म्हणत नसे, त्या अप्पासाहेब थोरवतांनी स्वतःच्या फिरण्यासाठी एका इंजिनाचं नवंकोरं टर्बोप्रॉप विमान घेतलं. पहिल्या उड्डाणाचा मुहूर्त गुरुजींनी काढला, सकाळी आठचा. विमानाला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पण धुक्यात धावपट्टीचं दुसरं टोक दिसेना.

वैमानिक मृणाल खानविलकर म्हणाली, "आत्ता उडता येणार नाही."

"विमान माझं आहे," अप्पासाहेब गरजले. "आणि गुरुजींचा मुहूर्त कधी चुकत नाही."

"मग माझ्या शेजारची सीट रिकामी आहे, गुरुजींनाही सोबत घेऊ," मृणाल शांतपणे म्हणाली. "उतरायचा मुहूर्त ते वरूनच सांगतील."

गुरुजींनी धुक्याकडे पाहिलं आणि पंचांग न उघडताच म्हणाले, "अप्पासाहेब, दुपारचा मुहूर्त याहून चांगला आहे."