लिंबाजीचा शेवटचा शब्द

"पण त्यानं हाक मारली, तेव्हा मी वळलो का नाही?"

कर्नल रणधीर शितोळे यांनी हा प्रश्न बायकोलाही कधी विचारला नव्हता. आज एका फकिराला विचारून बसले, आणि लगेच जीभ चावली.

नूरबाबा दर्ग्याचं अंगण झाडत होते. टेकडीवर सकाळचं धुकं इतकं दाट, की कर्नलना वाटलं, आपण अजून सीमेवरच्या त्या बर्फातच उभे आहोत.

"कुनी रं हाक मारली तुला?"

हे 'तुला' त्यांना टोचलं. वीरचक्र मिळालेल्या माणसाला सरपंचसुद्धा अहोजाहो करी.

"नाईक लिंबाजी ढवण. याच गावचा. शत्रूचं ठाणं वीस पावलांवर होतं. मी उभा राहून अंदाज घेत होतो. मागून ओरडला, 'सर!' मी तसाच पुढे धावलो... ठाणं घेतलं. परतलो, तर मी उभा होतो त्याच जागी तो पडलेला."

बाबा झाडत राहिले.

"मदतीला बोलावलं त्यानं. मी गेलो नाही. आणि पदक मला मिळालं."

खाली गावात लिंबाजीची म्हातारी आई वाट पाहत होती. शेवटी काय बोलला माझा पोरगा, एवढंच तिला ऐकायचं होतं. बावीस वर्षं कर्नल तिला टाळत आले होते. बंकरवर चालून जाणाऱ्या माणसाला ही टेकडी उतरवत नव्हती.

"तुमच्या पलटनीत शिपाई सायबाला सर म्हनत्यात?"

"नाही. साब म्हणतात."

"आन् लिंबा?"

"तोही. नऊ वर्षं साबच म्हणायचा. त्या एकाच वेळी..."

बाबा झाडत झाडत त्यांच्या पायांशी आले.

"सर."

कर्नल ताठ झाले. उशिरा का होईना, म्हाताऱ्याला मान द्यायचं सुचलं तर!

"बोला, बाबा."

"बोला काय? सर म्हनलं. पायाखाली मुंग्या हायत."

कर्नलनी खाली पाहिलं. बुटाच्या टाचेजवळून मुंग्यांची रांग चालली होती. ते पटकन एक पाऊल बाजूला सरले...

आणि तिथेच थिजले.

"सर..." त्यांनी तो शब्द हळूच स्वतःशी म्हणून पाहिला. पुन्हा म्हटला. इंग्रजी शाळेत वाढलेल्या कानांनी बावीस वर्षं तो चुकीचा ऐकला होता.

धुक्यात कुठेतरी एक शेळी ओरडली. कर्नलना रडू आवरेना.

"बाबा... म्हणजे त्यानं मला अरेतुरे केलं? त्याच्या आईला हे सांगू?"

बाबांनी मुंग्यांना वळसा घालून खराटा फिरवला.

"त्येच सांग. जीव वाचवायच्या घाईत घरच्या मानसाला कुनी अहोजाहो करत न्हाई."